केझियाचा बाप्तिस्मा

"आत्या, मी तुझ्या आजीची बदनामी केली," लौरीने दारातच सांगून टाकलं. कडेवर तान्हा होता, कोटाची बटणं तशीच उघडी.

ऑल्वेन आत्या टेबलाशी वाटाणे सोलत होती. "आधी दार लाव. वारं आत येतंय. बदनामीला एवढी घाई नाही."

लौरी समोर बसली. गेल्या रविवारी, या बिनलग्नाच्या आत्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या जेवणावर, तिने मोठ्या तोऱ्यात घराण्याची वंशावळ उलगडली होती. चॅपलच्या जुन्या वहीत तिला आत्याची आजी सापडली होती. केझिया, बाप्तिस्मा १९०३. म्हणजे जन्मही त्याच सुमाराचा. आणि बाप तर स्लेटच्या खाणीत १८८८ सालीच गेलेला. म्हणजे केझिया त्याची नव्हेच. वीस माणसांदेखत लौरी हे हसत हसत बोलून गेली. आत्या केक कापायची थांबून नुसती तिच्याकडे बघत राहिली. ते बघणं आठवडाभर लौरीच्या मनातून जाईना.

"ते चॅपल बॅप्टिस्टांचं," ती आता म्हणाली. "माझ्या आईकडे तान्ह्या बाळाच्याच कपाळावर पाणी लावतात. मी तेच धरून चालले. तुमच्यात पोरं मोठी झाल्यावर आपल्या इच्छेने बाप्तिस्मा घेतात, हे मला काल कळलं. केझिया तेव्हा चांगली सोळा वर्षांची होती गं. त्याच बापाची होती. मी सगळ्यांना फोन करून माझी चूक सांगते."

"मला ठाऊक होतं," आत्या म्हणाली. "मी पण सोळाव्या वर्षीच त्या कुंडात बुडी मारली. काय गार पाणी होतं, मेलं."

"मग तिथल्या तिथे माझा कान का नाही पिळलास?"

आत्याचे हात थांबले.

"कुणी नाक मुरडलं नाही म्हणून. आमचा एम्रिस म्हणाला, त्या पोरीचा काय दोष. भावजय म्हणाली, आईचा तरी काय दोष. सगळे हो हो म्हणाले आणि जेवायला लागले." तिने हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. "बासष्ट साली माझ्या लेकीबद्दल एक जण जरी असं बोललं असतं ना लौरी, तर मी तिला परक्याच्या हातात दिली नसती."