नाल्याच्या तोंडाचे झिंगे

माझ्या पाटीत दोनच खेकडे होते आणि धाकट्या जावेची पाटी झिंग्यांनी उतू चालली होती. कुणाच्यातरी तळ्यातून निसटून नदीत शिरलेले हे परदेशी, मोठ्या नांग्यांचे झिंगे. कारखान्याच्या काळ्या पाण्यानं आमचे खेकडे मेले, हे मात्र त्यातच माजले. बाजारात सगळी गर्दी तिच्यापुढं. माझा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी तीच दारात उभी. “आक्का, तेवढे दोन खेकडे द्या की. तुमचे वरच्या झऱ्यातले असतात. लेक बाळंतपणाला आलीय, तिला रस्सा करते.”

“का गं? सकाळी झिंगे मिरवत होतीस ना? घाल की तेच!”

तिनं मान खाली घातली. “कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी गावतात ते. तिथली घाण खाऊनच पोसलेत. पोर पोटुशी आहे, तिला कसे घालू?”

“आणि गावाला घातलेस?”

तिनं नुसता पदर पुढं केला. मी खेकडे तिच्या पदरात टाकले. तेवढ्यात आतून कालवणाचा वास आला.

“काय शिजवलंय, आक्का?”

दुपारी जळफळत मीही त्याच नाल्यावर सापळा लावून झिंगे धरून आणले होते.

“तुझेच झिंगे,” म्हणाले, आणि ताटं घेऊन बसलेल्या नातवंडांसमोरून पातेलं उचलून उकिरड्यावर पालथं केलं.