फाउंड्रीमॅनचं पाकीट

"तुझ्या कर्नलला सर्दी झाल्याचं मी एकदाही वाचलेलं नाही," रे हुदाक म्हणाला. "ज्याला सर्दी होत नाही, तो माणसांचा हिरो कसला?"

"आणि तुझा फाउंड्रीमॅन तीनशे अंक सर्दीतच बोलतोय," अर्नेटा बिलअप्स म्हणाली.

"ती सर्दी नाही, बाई. ते स्लोव्हाक उच्चार आहेत!"

गसच्या कॉमिकच्या दुकानात दर बुधवारी नवे अंक येत आणि दर बुधवारी हे दोघं येत. रे पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, अर्नेटा शहरातली बस चालवून. आठ वर्षं वाद एकच: क्लीव्हलँडला जास्त कुणी दिलं, हातोडावाल्या फाउंड्रीमॅननं की उडणाऱ्या कर्नल अल्बाट्रॉसनं? रेच्या हिशेबानं तो आजवर एकशे दहा बुधवार जिंकला होता. अर्नेटाच्या हिशेबानं तीन.

आज मात्र निकाल लागणार होता. वाचनालयाच्या दारात एक काचपेटी बसवली होती आणि तीत शहराचा एकच हिरो ठेवायचा होता. यांचा वाद गावभर माहीत, म्हणून नाव या दोघांनीच ठरवायचं, दुपारी बाराच्या आत, दोघांच्या सहीनं.

रेनं काखेत एक काचेची चौकट आणली होती. ती काचपेटीत जावी आणि खाली 'रेमंड हुदाक यांच्याकडून' असं लिहिलेलं असावं, एवढंच त्याला हवं होतं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर कारखान्यानं त्याला घड्याळ दिलं होतं, पण ते सगळ्यांनाच दिलं होतं. ही चौकट एकट्याची होती.

तिच्यात एक पाकीट होतं. फाउंड्रीमॅनच्या एकसष्टाव्या अंकात घोळ झाला होता. तीन अंकांपूर्वी ईरी सरोवरात पडलेला हातोडा त्याच्या हातात परत दिसला. असे घोळ वाचकांनी हेरायचे, आणि नुसते हेरायचे नाहीत, तो घोळ नव्हताच हे न्यूयॉर्कच्या कॉमिक कंपनीला पटवून द्यायचं, अशी तेव्हाची रीत. ज्याचा खुलासा पटे, त्याला बक्षीस म्हणून कंपनीच्या शिक्क्याचं रिकामं पाकीट येई. आत काही नाही. तेच बक्षीस. कच्ची पोरं पाकीट फाडून कंपनीलाच रागानं लिहीत, की बक्षीस घालायला विसरलात. जाणती पोरं पाकीट उघडतच नसत.

बारा वर्षांचा रे जाणता होता. सरोवर गोठलेलं होतं, हातोडा बुडाला नाही, बर्फावरच पडून राहिला, असं त्यानं लिहून पाठवलं. पाकीट आलं त्याच दिवशी आईनं ते काचेखाली घातलं आणि पाद्रीबाबांनाही दाखवून आणलं.

"चल, बोल," रे म्हणाला. "तुझ्या कर्नलनं काय दिलं?"

अर्नेटानं कॉफीचा पेला बाजूला ठेवला. "आम्ही लहान होतो तेव्हा कॉमिकमध्ये काळा माणूस यायचा तो सामान उचलायला. कर्नलच्या तोंडावर मुखवटा, हातात मोजे. इंचभर कातडी दिसायची नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांनी ठरवून टाकलं, हा आपलाच. त्याच जोरावर मी बसच्या परीक्षेला बसले."

"कंपनीला विचारलं होतंत?"

"विचारायचं कशाला? नाही म्हणाले असते म्हणजे?"

रेनं मनातल्या मनात तिला एक गुण दिला. दिल्याचं बोलला नाही.

"माझे वडील कॉमिकमधल्या बोलण्याच्या फुग्यांमधून इंग्रजी शिकले," तो म्हणाला. "फाउंड्रीमॅन त्यांच्यासारखाच अडखळत बोलायचा. ते म्हणायचे, मी चुकीचं बोलत असतो तर यांनी छापलं असतं का?"

गस काउंटरमागून हसला. "मिस अर्नेटा, पावणेबारा झाले."

अर्नेटानं चौकट जवळ ओढून पाकिटावरचा शिक्का बघितला. मग तिनं पेन मागितलं.

"कर्नलनं दिलं ते माझ्या डोक्यात आहे. ते काय काचपेटीत ठेवू? तुझ्याकडे वस्तू आहे, रे. याच शहरातल्या एका पोरानं आपल्या हिरोची गोष्ट दुरुस्त केली आणि न्यूयॉर्कच्या साहेबांनी मान तुकवली. माझ्या कर्नलसाठी आमच्यातल्या कुणी तेवढं केलं नाही. घे, केली सही. आणि दात काढू नकोस, कवळी पडेल."

रेनं सही केली. इतकी मोठी, की गसला दुसरा कागद काढावा लागतो की काय असं वाटलं. त्याला आता कुणाशीही भांडायचं नव्हतं. पुढच्या बुधवारी कर्नलबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे, असंही त्यानं ठरवून टाकलं.

"चौकट नको, नुसतं पाकीट द्या म्हणालेत वाचनालयवाले," गस म्हणाला. "काचेआड काच चमकते."

त्यानं मागचे खिळे हलक्या हातानं काढले आणि पाकीट काउंटरवर ठेवलं. छप्पन्न वर्षांचा डिंक सुकून गेला होता. पाकिटाचं तोंड आपोआप उघडलं आणि आतून कांद्याच्या सालीसारखा पातळ, घडी घातलेला कागद बाहेर आला.

तिघंही कागदावर वाकले.

"आत काही नसतं ना?" अर्नेटानं विचारलं.

"इतरांच्या नसतं," रेची मान ताठ झाली. "मला खास लिहिलं असेल. वाच, मोठ्यानं वाच. गसलाही ऐकू दे."

अर्नेटानं चष्मा लावला, घडी उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"प्रिय रेमंड, सरोवर गोठल्याची तुझी कल्पना आम्हाला फार आवडली, पण ती गोष्ट जुलै महिन्यात घडते, त्यामुळे तुला रिकामं पाकीट पाठवता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत."