दुपारचं नेट

चार दिवसांपासून नेट दुपारी सारखं तुटत होतं. मेकॅनिकनं वायर बदलली, नवऱ्यानं राउटर, मी पासवर्डसुद्धा. कोणालाच काही कळेना. आज दुपारीच माझी ऑनलाइन मुलाखत होती. "घरात बसून कायची नोकरी बाप्पा!" माझे सासरे बैठकीतल्या कूलरसमोरून म्हणाले. मी धाडकन खोलीचं दार लावलं. नवल म्हणजे तासभर नेट एकदाही तुटलं नाही. "सोमवारपासून कामाला लागा," ऐकून धावत बाहेर आले, तर सासरे घामानं निथळत पेपरनं वारा घेत बसलेले. अकोल्याचं पंचेचाळीस डिग्री ऊन आणि कूलर बंद! "कूलर काहून बंद, मामाजी?" "मी कायले बंद करू? लाइट गेली होती." मग नेट कसं चाललं? शेजारी कूलरच्याच बोर्डावर राउटरचा हिरवा दिवा जळत होता. मी कूलरचं बटण दाबलं. कूलर घरघरला आणि दिवा लाल झाला.