अंदाजे किंमत

"मालमत्तेच्या रकान्यात 'निरंक' लिहिते," वकीलबाई जाळीपलीकडून म्हणाल्या. "काहीच नाही असं दिसलं, की कोर्ट फी माफ होईल."

कैदी भिवा पांचाळ बाकावर पुढे सरकला. तुरुंगाच्या सुतारशाळेतल्या करवतीला झाकण नाही, हे त्याने तीनदा सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही आणि त्याची दोन बोटं गेली. आता त्याला तुरुंगावरच भरपाईचा दावा लावायचा होता.

दाराशी उभे असलेले जेलर म्हणाले, "पांचाळ, चांगल्या वागणुकीची अडीच महिन्यांची माफी साठलीय तुझी. दावा लावलास तर ती मिळेलच असं मी सांगत नाही."

"मला फीची माफी पुरे, साहेब. शिक्षेची राहू द्या."

मग तो बाईंकडे वळला. "निरंक नको. खोटं निघालं तर अर्जच फेटाळतील. माझ्याकडं आहे मालमत्ता. द्या इकडं, मीच लिहितो."

सहा महिने गिरवून डाव्या हाताला बसलेल्या अक्षरात त्याने लिहिलं: मनगटी घड्याळ एक, कारागृहात जमा. कातडी पट्टा एक, कारागृहात जमा. उजव्या हाताची बोटं दोन, कारागृहातच जमा.

बाईंनी जाळीतून कागद वाचला. "शेजारी अंदाजे किंमतही लिहावी लागते," त्या हळूच म्हणाल्या.

घड्याळापुढे त्याने दोनशे लिहिले, पट्ट्यापुढे वीस. बोटांपुढे लिहिलं, 'कोर्टाने सांगावी.'