मुठीत मावणारी मशीन

लातूरचं ते हॉस्टेल खच्चून भरलेलं होतं, तरी मार्तंडशेठनी चार ओळखी लावून आपल्या लेकीला, इराला, तिथं जागा मिळवलीच. त्या खुशीत ते निलंग्याच्या आपल्या दुकानात जलील मिस्त्रीला स्क्रू आवळायच्या बॅटरीवरच्या मशिनी दाखवत होते. जलीलला मात्र एकेक मशीन लांबच वाटत होती.

"लातूरला हॉस्टेलात काम हाय, शेठ. दोन कॉटांच्या मधी कोपर बी हालत न्हाई."

शेठनी मुठीत मावेल एवढी मशीन काढून दिली आणि हसत विचारलं, "एवढ्याशा सांदीत बसवायचं तरी काय, जलीलभाई?"

 

"तिसरी कॉट. निलंग्याची कुणी इरा म्हणून पोरगी राहायला येणार हाय म्हणे."