बेताचा उजेड

वागळे इस्टेटमधल्या कारखान्याला रविवारी सुट्टी असली की सुदेश शहाडच्या घरात आपला स्टुडिओ मांडायचा. खिडकीवर काळी चादर, कोपऱ्यात पांढऱ्या छत्रीचा फ्लॅश आणि समोर स्टुलावर आई. उजेड आपल्या मुठीत कसा ठेवायचा, हे शिकायचं वेडच लागलं होतं त्याला. बायको आणि लेक सान्वी फ्लॅश पडला की हटकून डोळे मिटायच्या. आई मात्र पापणीसुद्धा हलवायची नाही. "मॉडेल असावी तर आमच्या आईसारखी," असं तो घरी येईल त्याला फोटो दाखवून सांगायचा.

आजही आई भिंत धरत धरत येऊन बसली. गुडघे धरलेत, म्हणायची हल्ली. तिची टिकली भलतीकडेच लागली होती, ती सुदेशने नीट केली आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. खट्ट झालं, पण फ्लॅश पडलाच नाही. त्यातले सेल उतरले होते.

तो तसं सांगणार, तेवढ्यात आई हसून म्हणाली, "अगोबाई, आज केवढा लख्ख पाडलास रे! डोळेच दिपले माझे."

सुदेश तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"थांब हं, कमी करतो," तो कसाबसा म्हणाला. त्याने कशालाही हात लावला नाही, जागचा हललासुद्धा नाही. "आता गं?"

"हां, आता कसा बेताचा आहे," आई म्हणाली. "काढ फोटो."