मुद्देमालाची तब्येत

"झाडं माझी नाहीतच. गच्चीवर कुणी ठेवली, कुणास ठाऊक! मला तर झेंडू वाटला." वकिलाने पढवलेलं वाक्य निरंजनने तिसऱ्यांदा म्हटलं. एवढ्यावर टिकला असता, तर सुटण्याची आशा होती.

हवालदार गुंजाळांनी समजूतदारपणे मान डोलावली. जप्त केलेल्या गांजाच्या कुंड्या ठाण्याच्या खिडकीत ओळीने ठेवल्या होत्या. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या होत्या, बाकी सगळं पिवळं.

"बिचारा मुद्देमाल," गुंजाळ म्हणाले. "रोज साहेबांच्या फिल्टरचं पाणी पाजतो, तरी वाळतोय. आता शेण घालून बघतो."

"शेण?" निरंजन ताडकन उठला. "अहो हवालदारसाहेब, ती माती नाही, कोकोपीट आहे, नारळाच्या काथ्याचा भुसा! कॅल्शियम-मॅग्नेशियम तोच धरून बसतो. त्यात फिल्टरचं पाणी, सगळे क्षार काढून टाकलेलं, म्हणजे उपाशी माणसाला आणखी उपास! कॅल्शियम नायट्रेट आणा, मॅग्नेशियम सल्फेट आणा. गेल्या वर्षी मी अशीच सहा झाडं वाचवली."

"सावकाश रे बाबा. मी अडाणी माणूस, लिहून घेतो."

सगळं लिहून झाल्यावर गुंजाळांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आरोपीचा जबाब'.

"वाच आणि सही कर."

निरंजनचा चेहरा उतरला. तो वाचू लागला आणि 'दोन्ही खतं एकत्र कालवून' या शब्दांशी अडला. त्याला राहवेना. 'एकत्र' खोडून त्याने वर 'वेगवेगळी' लिहिलं.

"राहू दे सही," गुंजाळ म्हणाले. "अक्षर तुझंच आहे."